लेकी पोचल्या का?

आमच्या कार्ले फाट्यावर फोनवर कोणती गोष्ट किती वाजता टाकायची, हे एकच माणूस ठरवतो. त्यांचं नाव राजमहंमद. गाव त्यांना राजाभाऊ म्हणतं, मी बी तेच म्हणते. माजी वडापावची गाडी आन त्यांचं दुकान ह्यांच्यात फकस्त एक पत्रा हाय. बारा वर्सं झाली. ते शिंकले तर मला ऐकू येतं आन मी कुणावर वरडले तर त्यांना. तवा त्यांच्याविषयी सांगायचा हक्क माजाच. मधी दोन महिने मी त्यांच्याशी एक शब्द बोलले न्हवते, ते बी सांगणार हाय. लाज वाटायचं काय कारण न्हाई.

राजाभाऊ मुळात पेंटर. जुन्या हायवेवरच्या चिक्कीच्या दुकानांच्या पाट्या, ट्रकाच्या मागची नावं, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, सगळं त्यांच्या हातचं. मग फ्लेक्स आला आन ब्रशाला कुणी विचारीना. दुसरा असता तर कपाळाला हात लावून बसला असता. ह्यांनी पन्नाशीत कॉम्प्युटर घेतला, एका बोटानं टायपिंग शिकले आन फ्लेक्सचं डिझाइन करून द्यायला लागले. पुढं फ्लेक्स बी कमी झाला, सगळं फोनवर आलं. तवा त्यांनी पंचक्रोशीचं पेज काढलं. वाढदिवस, साखरपुडा, बैलगाडा शर्यत, हरवलेली गाय, लाईट कवा जाणार, सगळं त्याच्यावर. आज अकरा हजार माणसं ते पेज बघतात. अकरा हजार! एवढी माणसं लग्नाला आली तर सगळ्या मावळातला तांदूळ पुरायचा न्हाई.

"पोस्ट काय, कुणीबी बनवंल," राजाभाऊ म्हणायचे. "टाकायची कवा, ते कळाय पायजे."

कुसगावचा एक हॉटेलवाला दर सोमवारी सकाळी खोल्यांचे दर टाकायचा आन त्याला कुत्रं विचारायचं न्हाई. राजाभाऊ त्याला म्हणले, "शेठ, सोमवारी सकाळी मुंबईचा माणूस कामावर तोंड पाडून बसलेला असतो. तुमचा स्विमिंग पूल बघून त्याला रागच येतो. बुधवारी टाका, दुपारी जेवल्यावर. तवा त्याला वाटतं, आता दोन दिस काढले की सुटलो." शेठनं ऐकलं, आन त्या शनवारी त्याच्याकडं गाडी लावायला जागा न्हवती.

लावणीच्या दिसांत ते दुपारी काय टाकायचे न्हाईत. लोकांचे हात चिखलात, फोन कोण धरंल? संध्याकाळी सातला टाकायचे, माणसं हातपाय धुऊन चहाला बसली की. लाईट जाणार असली तर आदल्या दिवशीच, म्हंजे बाया पाणी भरून ठेवतात. एक उगवता पुढारी एकदा हटून बसला, की माजा वाढदिवस रात्री बाराच्या ठोक्याला पडला पायजे. राजाभाऊ म्हणले, "बाराला कोण बघतंय तुला? तुजेच चार दोस्त. सकाळी साडेसातला टाकतो. डेअरीवर दूध घालायला रांग असते, तितं मोकळ्या हातानं सगळे फोनच बघत असतात." पुढाऱ्याला ते पटलं. मला वाटतं, फाट्यावर त्यानं कुणाचं ऐकलं असंल ते तेवढं एकदाच.

मी एकदा त्यांना न विचारता माज्या कांदाभजीचा फोटो दुपारी अडीचला टाकला. नऊ लाईक पडले. त्यातले दोन माज्या नणंदांचे, एक माजाच, चुकून दाबलेला. पत्र्याच्या पलीकडून राजाभाऊंचं हसू ऐकू यायला लागलं. "अनिता, जेवून आडव्या झालेल्या माणसाला भजी दाखवतीस व्हय?" मी म्हणले, "तुमी तुमचं बघा." पण शनवारी चार वाजता भुरभुर सुरू झाली तशी त्यांनी तोच फोटो त्यांच्या पेजवर टाकला. सहा वाजता माजा पिठाचा डबा पालथा! गिऱ्हाईक हात हलवत परत गेलं. मी त्यांना एक प्लेट भजी ठेवली व्हती, ती नेऊन दिली आन काय बोलले न्हाई. माणसाला उगीच चढवून ठेवायला मला आवडत न्हाई.

हे झालं हसण्यावारी न्यायचं. राजाभाऊंचं खरं काम निराळंच. गावात कुणी गेलं की पोस्ट तेच बनवतात. त्याचं ते काय घेत न्हाईत. कोण गेलं, किती वाजता नेणार, कुठल्या स्मशानात, हे लोकांना त्यांच्या पेजवरनंच कळतं. आन फोटो! घरच्यांकडं चांगला फोटो कवाच नसतो. आधार कार्डावरचा असतो, त्यात माणूस गुन्हेगारागत दिसतो. न्हाईतर कुणाच्या तरी लग्नातला, डोक्यावर गुलाबी फेटा आन कपाळावर अक्षता. मेलेल्या माणसाला गुलाबी फेटा कसा ठेवायचा? म्हणून राजाभाऊ कॉम्प्युटरवर फेटा काढून टाकतात आन त्या जागी केस रंगवतात. पेंटरचा हात हाय, केस अगदी त्या माणसाचे वाटतात. त्याला तासभर तरी लागतो. त्या येळात कुणी दुकानात गेलेलं त्यांना खपत न्हाई.

पेज काढलं त्या पहिल्या वर्सी त्यांच्या हातून एक चूक झाली. आमच्या गावातला एक म्हातारा गेला. घरच्यांचा फोन आला तसा राजाभाऊंनी दहा मिनिटांत पोस्ट टाकली. म्हाताऱ्याची लेक खोपोलीला दिलेली. ती त्या येळी एसटीत बसून बाजाराला चालली व्हती. फोन उघडला तर समोर बाप, खाली समई, भावपूर्ण श्रद्धांजली. बाई बसमधी कोसळलीच. कंडक्टरनं बस थांबवली, बायांनी पाणी मारलं. नंतर तिचा भाऊ राजाभाऊंच्या दुकानात येऊन नको नको ते बोलून गेला. राजाभाऊ खाली मान घालून उभे व्हते. मी मधी पडले न्हाई, कारण भाऊ खरं तेच बोलत व्हता.

त्या दिसापासनं त्यांचा नेम झाला. मयताचा फोन आला की आधी नाव न्हाई, येळ न्हाई. पहिला सवाल एकच, "लेकी किती? कुटं दिल्यात? पोचल्या का?" सगळ्या लेकी दारात पोचल्याचा निरोप आला की मगच पोस्ट.

आता आमच्याकडची रीत सांगते. माहेरचं माणूस गेलं तर लेकीला खरं सांगायचं न्हाई. 'सिरीयस हाय, भेटून जा' एवढंच सांगायचं. जावयाला मात्र खरं सांगायचं. जावई तोंडाला कुलूप लावून तिला आणतो. दारात आली की तिचं तिला कळतं. वाटंत लेकीला काय हुयाला नगं, ती गाडीवरनं पडायला नगं, म्हणून ही रीत. त्याच्यामागं माया हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. राजाभाऊंचा नेम ह्या रीतीत असा फिट बसला, की पंचक्रोशीत त्यांचं नाव झालं. राजाभाऊंचं पेज लेकीचा घात करत न्हाई, असं लोक म्हणायचे. मी बी म्हणायचे.

माज्या बापाचं नाव नथू. सगळे नथूआबा म्हणायचे. माजं माहेर कुसगाव, हितनं रिक्षानं वीस मिनिटं. आबा दर गुरुवारी माज्या गाडीवर यायचे, बाकड्यावर बसून बिनचटणीचे दोन वडे खायचे आन मग पलीकडं राजाभाऊंच्या दुकानात जाऊन जुन्या पाट्यांच्या गप्पा मारायचे. माज्यापरास त्यांच्याशीच जास्ती बोलायचे, खरं सांगायचं तर.

पौषातला मंगळवार व्हता. एकवीरेला आलेली अलिबागकडची एक बस दहाच्या सुमाराला माज्या गाडीपुढं थांबली. पन्नास माणसं, सगळी भुकेली. मी तळतेय, देतेय, परत तळतेय. त्यातली एक बाई म्हणली, "माज्या मालकाला हितंच ठेवून जाते, तुला मदतीला." मी म्हणले, "ठेवा की, बटाटे सोलायला माणूस पायजेच." सगळी बस हसली. मी बी हसले, लय हसले.

त्याच येळी पत्र्याच्या पलीकडं राजाभाऊंचा फोन वाजला. एरवी त्यांचं बोलणं मला सबंध ऐकू येतं. त्या दिवशी ते फोन घेऊन दुकानाच्या मागं गेले. साडेदहाला मी रोजच्यासारखा चहा घेऊन गेले, तर त्यांनी पटकन कॉम्प्युटरचं तोंड भिंतीकडं फिरवलं. मी म्हणले, "काय चोरून बघताय? घरी शमीमभाभीला सांगू का?" ते हसले न्हाईत. चहा ठेव म्हणले. अकराला मी कप आणायला गेले, तर चहा तसाच, वर साय धरलेली.

थोड्या येळानं ते माज्या गाडीपुढं येऊन उभे ऱ्हायले. "अनिता, आज गाडी लवकर बंद कर."

"का वो?"

"थंडी लय हाय."

"थंडीतच वडा खपतो, तुमीच सांगता की."

ते तसेच उभे. माज्या कढईकडं बघत व्हते. मला वाटलं, ह्यांची तब्येत बरी न्हाई. मी म्हणले, "घरी जाऊन पडा जरा." ते परत दुकानात गेले.

साडेबाराला माजा नवरा अमृत आला. तो तळेगावला कंपनीत हाय, त्याची पहिली पाळी व्हती, तीनच्या आत तो कसा आला हे मी विचारायला पायजे व्हतं. तो म्हणला, "आबांना दम लागलाय. तुज्या भावाचा, आदिनाथचा फोन आलता. चल, भेटून येऊ." आबांना तर दर थंडीत दम लागतो. मी चार वडे बांधून घेतले, बिनचटणीचे. सबंध वाट मोटरसायकलवर मी आदिनाथला शिव्या देत गेले, की बापाला येळंवर डॉक्टरकडं नेता येत न्हाई ह्याला. अमृत पुढं बघून गाडी चालवत व्हता.

आमच्या आळीत वळलो आन दारापुढं पन्नास-साठ चपला दिसल्या. भिंतीला दोन हिरवे बांबू टेकवलेले. मला कुणी काय सांगितलं न्हाई. सांगायची गरजच न्हवती.

आबा सकाळी नऊला गेलते. मी पोचले एकला. त्यांना आंघोळ घालून झाली व्हती, हार घातला व्हता, नाकात कापूस व्हता. माज्या हातातली वड्यांची पिशवी कुणी घेतली ते मला आजवर ठावं न्हाई. मी त्यांचा हात धरला तर तो गार. कुणीतरी म्हणलं, "लेक आली, आता आटपा." वीस मिनिटांत उचललं. चार तास माजा बाप त्या घरात व्हता, आन मला वीस मिनिटं मिळाली. आंघोळीचं एक तांब्या पाणी माज्या हातनं पडलं न्हाई.

त्या वक्ताला डोकं जाग्यावर नसतं. मी सगळ्यांचं ऐकत गेले. दहाव्याच्या दिवशी भावजयीनं फोनवर राजाभाऊंची पोस्ट दाखवली. 'दुपारी एक वाजून चार मिनिटं,' असं वर लिहिलेलं. फोटो आदिनाथच्या लग्नातला. त्या फोटोत आबांच्या डोक्यावर ह्योऽऽ एवढा फेटा व्हता. पोस्टमधी फेटा न्हवता. केस व्हते, डावीकडं भांग पाडलेले, आबा पाडायचे तसेच.

मी एकला दारात पोचले. एक वाजून चार मिनिटांनी पोस्ट. चार मिनिटांत फेटा निघतो व्हय? माज्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी चहा घेऊन गेले तवा त्या भिंतीकडं फिरवलेल्या पडद्यावर माजा बाप व्हता. आन मी विचारत व्हते, शमीमभाभीला सांगू का!

दुसऱ्या दिवशी मी गाडी उघडायच्या आधी त्यांच्या दुकानात शिरले.

"तुमाला किती वाजता कळलं?"

त्यांनी खोटं सांगितलं न्हाई, एवढं मी मानते. "दहा वाजून दहा मिनिटांनी. आदिनाथनं फोन केला. अमृत येतोय, तवर अनिताला कळू देऊ नगा, म्हणला."

"आन तुमी कळू दिलं न्हाई."

"तुज्यासाठीच पोस्ट अडवून धरली ना मी. वाटंत तुला काय झालं असतं तर?"

"काय झालं असतं? रडले असते. रडून माणूस मरतं का?" मी वरडायलाच लागले. फाट्यावरची माणसं थांबून बघायला लागली. बघू देत. "वीस मिनिटांची वाट, राजाभाऊ! रिक्षात बसले असते तर साडेदहाला बापाजवळ असते. अडीच तास मी वडे तळले. हसत व्हते मी! तुमी पत्र्याच्या पलीकडनं ऐकत व्हता."

"व्हय," ते म्हणले. "ऐकत व्हतो."

"अकरा हजार माणसांच्या बरोबर मला कळलं. मला त्यांच्या आधी कळायला पायजे व्हतं. तुमचा नेम काय म्हणतो? लेकी पोचल्या का. लेकीला कळलं का, हे विचारत न्हाई तुमचा नेम!"

मी दार आपटून बाहेर आले. अमृतला बी बोलले, आदिनाथला बी बोलले, पण एक नवरा आन एक भाऊ, त्यांना टाकून जाणार कुटं? राजाभाऊंना टाकता येत व्हतं, मी त्यांना टाकलं. साडेदहाचा चहा बंद. माजी गाडी शेजारी असून ते गुडघा धरत धरत हायवे ओलांडून पलीकडच्या टपरीवर चहाला जायला लागले. मी बघायचे. येताजाता एखादा ट्रक सुसाट आला की जीव वरखाली व्हायचा, तरी म्हणले न्हाई की बसा हितं. माजा स्वभाव असा हाय. कुणाला आवडंल न्हाई आवडंल.

मधी एकदा शमीमभाभी माज्याकडं पाव घ्यायला आल्या. त्यांनी हळूच सांगितलं, की राजाभाऊंनी एका संध्याकाळी त्यांच्या लेकीला, सानियाला, फोन लावला. ती मिरजेला दिलीय. त्यांनी तिला विचारलं, मी गेलो तर तुला कसं कळवायचं? सानिया आधी घाबरली, मग चिडली. म्हणली, अब्बा, मला फसवून आणलंत तर मी दारातूनच परत जाईन. भाभी म्हणल्या, "तवापासनं नीट जेवत न्हाईत." मी पाव बांधून दिले. मनात म्हणले, बरं झालं. पण घरी गेल्यावर मला बी जेवण गेलं न्हाई.

मग फाल्गुनातली ती सकाळ. मळवलीच्या पलीकडच्या वाडीतनं सत्यम आला. त्याचे वडील विठ्ठलभाऊ, एका बंगल्याची राखण करायचे, सगळे ओळखायचे, घरची पोरं बी त्यांना भाऊच म्हणायची. सत्यमचा चेहरा बघूनच मला कळलं. तो सरळ राजाभाऊंच्या दुकानात गेला. मी कढई चढवली व्हती, पण कान पत्र्याला.

"भाऊ गेले, राजाभाऊ. सकाळी आठला, झोपेतच. हा फोटो."

"तुजी बहीण कुटं असती?"

"कोमल चाकणला हाय, कंपनीत पॅकिंगला. दाजींना सांगितलंय. ते तिला दोनला सुट्टी झाल्यावर घेऊन निघतील, भाऊ सिरीयस हायत म्हणून. साडेतीन-चारला पोचतील. तवाच टाका तुमी पोस्ट."

मी टायपिंगचा आवाज यायची वाट बघत व्हते. तो काय आला न्हाई.

"आधी तिला सांग," राजाभाऊ म्हणले. "मग मी बनवतो."

"काय?"

"खरं सांग तिला. आत्ता. ती आत्ता निघाली तर दुपारच्या आत येईल. बापाजवळ बसंल."

"डोकंबिकं फिरलंय का तुमचं?" सत्यमचा आवाज चढला. "एकटी हाय ती तितं. काय झालं तर तुमी जबाबदार का? तुमी नुसती पोस्ट टाकायची. कुणाला काय सांगायचं ते आमचं आमी बघू."

"मग पोस्ट दुसऱ्याकडनं करून घे. मी हितं बसून फेटा काढायचा आन तिनं तितं डबे भरायचे, हे आता माज्यानं व्हत न्हाई, बाबा."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग सत्यम म्हणला, एकदम पोरासारख्या आवाजात, "माज्यानं बी न्हाई व्हत. तिला कसं सांगू मी? भाऊंची लाडकी ती."

दुकानाचं दार वाजलं. राजाभाऊ बाहेर आले आन दोन महिन्यांनी माज्या गाडीपुढं उभे ऱ्हायले. मागं सत्यम, डोळे पुसत. राजाभाऊंच्या हातात सत्यमचा फोन व्हता, आन तो लागलेला व्हता. रिंग जात व्हती.

"अनिता," ते म्हणले, "मी बोलायचं म्हणून लावला. पण मला जमंना. तू सांग."

मला एवढा राग आला! दोन महिने न बोलणारी बाई मी, आन ह्यांची कामं मी करायची? तुमचा नेम, तुमची पोस्ट, मला कशाला त्यात ओढता, असं तोंडावर आलं व्हतं. माजे दोन्ही हात बेसनात. पण फोनमधनं आवाज आला, "हॅलो, सत्या? बोल की." मागं माणसांचा, ताटांचा गलका व्हता. मी पदराला हात पुसला आन फोन घेतला.

"कोमल, मी सत्यम न्हाई. कार्ले फाट्यावरची अनिता बोलतेय, वडापाववाली. कुटं हायस तू?"

"कँटीनमधी. चहाची सुट्टी झालीय. सत्या कुटंय? भाऊ बरे हायत ना? हे सकाळपासनं म्हणतायत, भाऊ सिरीयस हायत, दोनला निघू."

"जवळ कोण वळखीची बाई हाय का?"

"हाय. का?"

"तिच्याजवळ जाऊन बस. बसलीस का?"

"बसले," ती म्हणली. आवाज बारीक झाला व्हता.

मला कुणी असं विचारलं असतं तर मी काय केलं असतं, ते मी तवा मनात आणलं न्हाई. आणलं असतं तर तोंडातनं शब्द निघाला नसता.

"बाई, तुजे वडील गेले. सकाळी आठ वाजता. झोपेतच गेले. सिरीयस न्हाईत ते, गेलेत. तू आत्ता निघ. ते घरीच हायत. तुजी वाट बघतील, तू आल्याबिगर आंघोळ घालणार न्हाईत." मी सत्यमकडं बघितलं. त्यानं मान हलवली.

पलीकडनं नुसता ताटांचा आवाज. मला वाटलं फोन कट झाला. मी दोनदा हॅलो म्हणले. राजाभाऊंनी पुढं वाकून माज्या शेगडीचा कॉक बंद केला.

मग ती बोलली. लय हळू, कुणी ऐकंल म्हणून बोलतो तसं.

"मावशी, हितं सगळी बघतायत. सुपरवायझर बी समोर बसलाय." जरा थांबली. "रडू का मी?"

"रड गं बाई," मी म्हणले. "तुजाच बाप हाय."

ती रडली. मी फोन ठेवला न्हाई. फाट्यावर माजी गिऱ्हाइकं उभी व्हती, त्यांच्यासमोर मी बी रडले.